नर्मदेच्या काठाला वेळापत्रक द्या

नंदुरबार जिल्ह्यात पर्यटन वाढवायचा विषय निघाला की चर्चा निवासस्थाने, तंबूंची वसाहत, प्रेक्षणस्थळांवरचे कठडे, नौकाविहार आणि रोषणाई यांच्याभोवती फिरते. तिथवर माणूस पोहोचणार कसा, हा मुद्दा यादीत शेवटी येतो आणि आला तरी त्यावरचे उत्तर ‘रस्ता रुंद करू’ इतकेच असते. रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण रुंद रस्त्याचा पुरता फायदा ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यालाच मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातली जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. इथे अशी दारे किती, हे कुणी सांगायला नको. तोरणमाळचा यशवंत तलाव, अक्राणी-अक्कलकुव्यातला नर्मदेचा काठ, प्रकाशा आणि सारंगखेड्याचा तापीकाठ, नवापूरकडचा उकाईचा फुगवटा या पाण्याकाठच्या जागांना सर्वांत आधी गरज आहे ती ठरल्या वेळी सुटणाऱ्या एसटीची, आणि नर्मदेवर त्या एसटीला जोडून सुटणाऱ्या प्रवासी लाँचची. ही सेवा पर्यटकांसाठी म्हणून वेगळी काढू नये. गावकऱ्यांच्या रोजच्या गाडीतच पाहुण्याला जागा मिळावी, असे माझे म्हणणे आहे. त्यात न्याय आहे आणि हिशेबही त्याच बाजूचा आहे.

किनारा म्हटले की आपल्याला मालवण, गुहागर, अलिबाग आठवते. नंदुरबारला समुद्र लाभलेला नाही, पण काठ भरपूर आहे. राज्याच्या उत्तर सीमेवर सुमारे ५४ किलोमीटर नर्मदा आहे. वाहते म्हणण्यापेक्षा आता ती साचून राहते. सरदार सरोवर धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा या पातळीपर्यंत भरला. २१४ किलोमीटर लांबीच्या या जलाशयाने तीन राज्यांतली २४५ गावे बाधित केली. त्यांतली ३३ महाराष्ट्रातली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण, भूषा ही नावे महाराष्ट्राने ऐकली ती धरणाविरुद्धच्या आंदोलनाच्या बातम्यांतून. आज तिथे डोंगराचे उतार थेट पाण्यात शिरतात, नाल्यांच्या खाड्या झाल्या आहेत, आणि ज्या पाड्यावर पूर्वी पायवाटेने जाता येई तिथे होडीवाचून जाता येत नाही. सातपुड्याच्या अंगावर अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर तोरणमाळचे तळे आहे. खाली सपाटीवर तापी आहे, तिच्या आणि गोमाईच्या संगमावर दक्षिणकाशी म्हणवणारे प्रकाशा आहे, आणि नवापूर-नंदुरबारच्या सीमेपर्यंत १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी आहे. एवढे पाणी असलेल्या जिल्ह्यात पाण्याकाठी जायची सार्वजनिक सोय हा विषयच नसावा, याचे वाईट वाटते.

लोक मात्र सोय होईपर्यंत थांबलेले नाहीत. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथाच्या यात्रेला सातपुड्याच्या दोन्ही अंगांनी माणसे चढतात. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर रात्रभर चालणारी रांग लागते. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, संक्रांतीला नर्मदेची पूजा असते, होळीला काठीच्या राजवाडी होळीसाठी मोलगीचा सगळा डोंगर जागा राहतो. ही सगळी माणसे येतात कशी? काळी-पिवळीत दाटीवाटीने, पिकअपच्या हौद्यात उभी राहून, नदीवर मिळेल त्या होडीत बसून. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सणात अक्राणी (धडगाव) तालुक्यात भूषा इथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या लोकांची बोट उलटली. तिच्यात साठाच्या आसपास माणसे होती. लहान मुलांसह किमान सहा जण गेले. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरातल्या खडकी घाटात मजुरांना नेणारे वाहन दरीत कोसळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात खाली गेली आणि किमान आठ जणांचा जीव गेला. प्रत्येक वेळी चालकाला दोष दिला जातो, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरल्याचे कारण पुढे येते, मदत जाहीर होते. जास्त माणसे भरली होती हे खरेच. पण त्या दिवशी त्या वाटेवर शेकडो माणसे निघणार हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. ज्या दिवसाची तारीख, जागा आणि गर्दी तिन्ही आधी ठाऊक आहेत त्या दिवशी माणसांना मालवाहू गाडीत चढावे लागते, तेव्हा चूक फक्त स्टिअरिंगवरच्या माणसाची राहत नाही.

या भाविकांना, बाजारकऱ्यांना आपण पर्यटक म्हणत नाही, आणि नियोजनाची पहिली गफलत तिथेच होते. पर्यटक म्हणजे पुण्या-मुंबईहून किंवा सुरतेहून मोटारीने येणारा, खोली भाड्याने घेणारा माणूस, असे गृहीत धरले की मग त्याच्यासाठी वाहनतळ आणि खोल्या बांधल्या जातात. पण नंदुरबारच्या कॉलेजातली मुले, शहाद्याच्या सूतगिरणीतला कामगार, तळोद्याची शिक्षिका, नवापूरचा दुकानदार यांनाही रविवारी तळ्याकाठी बसावेसे वाटते, आपल्याच जिल्ह्यातली नर्मदा पाहावीशी वाटते. मराठी घरांत नर्मदा परिक्रमेची ओढ किती आहे हे वेगळे सांगायला नको. परिक्रमावासी शूलपाणीच्या ज्या झाडीबद्दल भीतीने आणि भक्तीने बोलतात त्या मुलखाचा भाग याच जिल्ह्यात येतो. शूलपाणेश्वराचे मूळ मंदिरही मणिबेलीत होते. ते पाण्याखाली गेले आणि देव गुजरातेत गोरा इथे नव्या देवळात गेला.

धरणापलीकडे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडियाला १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १७ जानेवारी २०२१ रोजी तिथे नव्या रेल्वेस्थानकाचे उद्घाटन झाले आणि दादरसह देशाच्या वेगवेगळ्या भागांतून येणाऱ्या आठ गाड्यांना एकाच दिवशी हिरवा झेंडा दाखवण्यात आला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, अहमदाबादहून धरणाजवळच्या तळ्यावर उतरणारे जलविमानही सुरू झाले होते. ते काही महिन्यांतच थांबले. रेल्वे राहिली, परिसरातल्या बसगाड्याही राहिल्या. यातून मी एक गोष्ट घेतो: ज्या सेवेत सामान्य माणूस रोज बसू शकतो ती टिकते, आणि जिच्यासाठी अपूर्वाई हाच आधार असतो ती अपूर्वाईबरोबर संपते. त्याच पाण्याला लागून असलेल्या मणिबेलीला मात्र रेल्वे, विमान सोडाच, पावसाळ्यात भरवशाने येणारी साधी गाडीही स्वप्नवत आहे. अक्कलकुवा हा राज्याचा क्रमांक १ चा विधानसभा मतदारसंघ आहे. मतदानाच्या वेळी नदीकाठच्या पाड्यांपर्यंत यंत्रे आणि कर्मचारी बोटीने जातात, वेळेवर पोहोचतात आणि वेळेवर परततात. आरोग्य विभागाने तरंगत्या दवाखान्याच्या बोटी याच पाण्यावर चालवल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत आहार पोहोचवत होती, हे देशभर छापून आले. म्हणजे या जलाशयावरून नियमित जाता येते, हे सिद्ध करायचे बाकी नाही. बाकी आहे ते जाण्याला वेळापत्रक आणि तिकीट देणे.

गावाची आणि पाहुण्याची गाडी एकच असावी, हा आग्रह का, ते एसटीच्याच भाषेत सांगता येते. महामंडळ कोणतीही फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवताना भारमान पाहते, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या. डोंगरातल्या फेऱ्यांचे भारमान दिवसागणिक हलते. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आश्रमशाळा सुटीला लागतात आणि उघडतात त्या दोन दिवशी पेट्या-गाठोड्यांसह मुले टपावर चढायला निघतात. एरवी सकाळी खाली उतरणारी गाडी भरते आणि तीच परत वर चढताना निम्मी रिकामी असते, कारण दवाखाना, तहसील, कॉलेज सगळे खाली आहे. पाहुण्याची चाल याच्या नेमकी उलट असते. तो सकाळी वर जातो, संध्याकाळी खाली येतो. तो शनिवार-रविवारी आणि सणासुदीला येतो, जेव्हा कॉलेजची आणि कचेरीची गर्दी नसते. मुक्कामी गाडी पहाटे गावातून सुटते, शहाद्याला पोहोचते, आणि तिथून परत वर निघते तेव्हा तिच्या रिकाम्या जागा हेच पर्यटनासाठी तयार असलेले वाहन आहे. चालक तोच, डिझेल तेच, किलोमीटर तेच. त्या जागा भरल्या तर भारमान वाढते, आणि भारमान वाढले तर कमी प्रवासी असल्याचे कारण सांगून फेरी बंद करायला कुणी धजत नाही. शनिवारचा पाहुणा असा मंगळवारच्या विद्यार्थ्याची गाडी वाचवतो. पर्यटकांसाठी वेगळी वातानुकूलित गाडी काढली तर यातले काहीच साधत नाही. ती हंगाम संपला की बंद होते आणि गावाची गाडी होती तिथेच राहते.

ही कल्पना नवी नाही, आणि ती फार लांबून आणायचीही गरज नाही. केरळात १९६८ पासून राज्याचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे. आलप्पुळाच्या कालव्यांतून त्याच्या बोटी शाळकरी मुले, भाजीवाल्या, कामगार नेतात, आणि त्याच बोटींत कुट्टनाड पाहायला आलेले लोक चार पैशांत बसतात. पुढे खात्याने प्रवासी आणि पर्यटक एकत्र नेणारी बोटही काढली, वरच्या मजल्यावर पाहुणा जादा भाडे देणार आणि खाली गावकरी नेहमीच्या भाड्यात जाणार. जानेवारी २०१७ पासून वैक्कम ते तवणक्कडवु या जलमार्गावर ७५ आसनांची सौरऊर्जेवर चालणारी ‘आदित्य’ ही फेरी धावते. वर्षातले बहुतेक महिने ऊन असलेल्या सातपुड्याला याहून जवळचा धडा कोणता? गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चोडण आणि दिवाडीच्या लोकांना वर्षानुवर्षे पैलतीरी नेतात, पायी चढणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, आणि चोडणचे पक्षी अभयारण्य पाहायला जाणाराही त्याच फेरीत उभा राहतो. आपल्याच राज्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळ्याच्या गावांसाठी सातारा जिल्हा परिषदेने लाँच आणि तराफे चालवले. धरणाने वाट तोडली तर वाट जोडण्याची जबाबदारी सरकारची, हे तत्त्व तिथे मान्य झाले. आणि गेटवे ते मांडवा या लाँचच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. बोट धक्क्याला लागते तेव्हा बस उभी असते. अलिबागला माणूस मोटारीशिवाय सहज जातो त्यामागे समुद्राची ओढ आहे तशी ही जुळवणीही आहे. रस्ते वाहतूक महामंडळांचा १९५० चा कायदा आपल्या १८ व्या कलमात महामंडळावर हेच कर्तव्य टाकतो: सेवा पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची असावी आणि परस्परांशी नीट जुळलेली असावी. नंदुरबारच्या काठावर कमी पडते आहे ती मुख्यतः ही जुळणी. नंदुरबार आणि नवापूरला सुरत-भुसावळ मार्गावरची रेल्वे आहे, नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा इथे एसटीची आगारे आहेत, डोंगरात शिरणारे घाटरस्ते आहेत, पाणी आहे. प्रत्येक दुवा सुटा पडला आहे.

नर्मदेवरच्या लाँचबद्दल थोडे तपशिलात जायला हवे, कारण अडचणी तिथे खऱ्या आहेत. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान उपसा पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पावसाळा सरताना पाणी जिथे असते त्याच्या २८ मीटर खालपर्यंत ते उतरू शकते. नऊ मजली इमारतीएवढा हा उभा फरक आहे. काठावर एका जागी सिमेंटचा धक्का बांधला तर उन्हाळ्यात तो उंचावर कोरडा राहतो आणि त्याच्याखाली घोटाभर गाळाचा घसरडा उतार उरतो. डोक्यावर पीठाचे पोते घेतलेल्या बाईने किंवा झोळीतल्या रुग्णाने तो उतार पार करायचा असतो. म्हणून इथे तरंगता धक्का लागेल, पाण्याबरोबर वर-खाली होणारा, आणि त्याच्यापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरणारी फरसबंद वाट लागेल. लाँचची नोंदणी, दरवर्षीची तपासणी, क्षमतेचा आकडा बाहेरून ठळक रंगवणे, प्रत्येक डोक्यामागे जीवरक्षक जाकीट, अंधार पडल्यावर आणि वादळी वाऱ्यात सुटायचे नाही हा नियम, हे सगळे अंतर्देशीय जलयानांच्या २०२१ च्या कायद्याच्या चौकटीत बसते. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहेत. कागदावर जलमार्ग झालेल्या नदीत माणसांसाठी एक नियमित बोट असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. लाँच चालवायला बाहेरून माणसे आणायचीही गरज नाही. या पाण्याचे वारे, भोवरे आणि बुडालेल्या झाडांचे शेंडे कुठे आहेत हे काठावरच्या तरुणांना जितके माहीत आहे तितके कुणालाच नाही. त्यांना प्रशिक्षण आणि परवाने द्यावेत, आणि त्यांच्या सहकारी संस्थेला फेऱ्यांचे कंत्राट द्यावे.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येईल. एसटी तोट्यात आहे, २०२१-२२ च्या दीर्घ संपातून ती सावरत आली आहे, तिच्यावर आणखी तोट्याच्या फेऱ्या कशाला लादायच्या? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हा भार महामंडळाने एकट्याने उचलू नये. जिल्हा नियोजन समितीकडे निधी असतो, त्यात आदिवासी घटक कार्यक्रमाचा मोठा वाटा असतो, आणि तो रस्ते, इमारती, सुशोभीकरणावर खर्च होतो. त्याच निधीतून ठरावीक मार्गांवर ठरावीक फेऱ्यांची तूट भरून देण्याचा वार्षिक करार जिल्हा प्रशासन आणि महामंडळ यांच्यात होऊ शकतो. फेरी चुकली तर पैसे नाहीत, अशी अट घालता येते. उत्पन्नाची बाजूही वाटते तेवढी दुबळी नाही. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आहे, आणि या सवलतींची रक्कम सरकार महामंडळाला देते. ज्या घरातली बाई आणि म्हातारी माणसे अर्ध्या भाड्यात किंवा फुकट जाऊ शकतात ते घर सहलीला एसटीनेच निघेल, फक्त गाडी असली पाहिजे. सवलत कागदावर आहे आणि गाडी नाही, अशा गावाला त्या सवलतीचा उपयोग शून्य. ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना महामंडळाकडे कित्येक वर्षांपासून आहे. तिच्यात लाँचची फेरी जोडली की पाहुण्याचे तिकीटही तयार झाले. घाटात एकेक वळण रुंद करायला, वरती वाहनतळासाठी डोंगर कापायला जो खर्च येतो त्याच्याशी चार मिडी बस वर्षभर चालवण्याचा खर्च एकदा ताडून पाहावा, मग तोटा कशाला म्हणायचे ते ठरवावे.

दुसरा आक्षेप असा की पर्यटक लाल गाडीत बसणारच नाही, त्याला स्वतःची मोटार हवी असते. काही जणांना हवी असते, आणि त्यांना कुणी अडवत नाही. पण काळ्या-पिवळ्या गाड्या याच मार्गांवर खच्चून भरून धावतात, यावरून पैसे देऊन सामायिक वाहनाने जाणारे लोक आहेत हे उघड आहे. शिवाय मोटारवाल्यालाही पर्याय चांगला असेल तर तो घेतो. कास पठारावर फुलांच्या हंगामात गाड्या खाली ठेवून बसने वर जाण्याची पद्धत लोकांनी स्वीकारली आहे. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि त्यामुळे माथेरान ओस पडलेले नाही. तोरणमाळची वाट म्हसावद, राणीपूर सोडल्यावर घाटाला लागते. पावसाळी सुट्ट्यांत धुके आणि अरुंद वळणे असताना नवख्या चालकांच्या मोटारींची रांग तिथे धोक्याची आहे. जिल्ह्यातल्या घाटांत दरडीचेही भय आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला, आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. अशा रस्त्यावर मोटारींची संख्या वाढवत नेणे हे पर्यटन धोरण असू शकत नाही. मोठी बस घाटात वळत नाही ही तक्रार खरी असेल तिथे लहान मिडी बस द्यावी; वाट अवघड आहे म्हणून सेवाच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांची शेते, झाडे आणि देव पाण्याखाली गेले त्यांच्या काठावर आपण सहलीला जायचे का? पर्यटन आले की दारू येते, कचरा येतो, जमिनीवर डोळा ठेवणारे येतात, आणि आदिवासी माणूस आपल्याच गावात पहारेकरी होऊन उभा राहतो, हे इतरत्र घडले आहे. या भीतीला उडवून लावणे अप्रामाणिक ठरेल. कायदे आहेत: आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेत निर्बंध आहेत, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा हक्क मान्य केला. पण कायदा असूनही वाट खासगी मोटारींना मोकळी असेल तर किती माणसे, कधी, कुठे येणार यावर ग्रामसभेचा काहीच ताबा राहत नाही. सार्वजनिक गाडी आणि लाँच याबाबतीत वेगळी आहे. तिच्यात जागा मोजक्या, फेऱ्या मोजक्या, थांबे ठरलेले. दिवसाला किती पाहुणे हवेत हे ग्रामसभेला फेऱ्यांच्या संख्येतून ठरवता येते. होळीच्या रात्री किंवा गावात दुखवटा असताना अमुक थांब्यावर पाहुणा उतरवायचा नाही, असेही सांगता येते. लाँचमध्ये आधी रुग्ण, मग शाळेची मुले, मग बाजाराला निघालेला गावकरी, आणि उरलेल्या जागांत पाहुणा, हा क्रम तिकीट खिडकीवर लिहून लावावा आणि पाळावा. अशा बोटीत बसलेला माणूस त्या काठाकडे फक्त देखावा म्हणून पाहत नाही; शेजारी बसलेल्या बाईशी तो बोलतो, धान्य दळून आणायला तिला किती पाणी ओलांडावे लागते ते त्याला कळते. विस्थापितांच्या प्रश्नाची ओळख राज्याला अशीही व्हायला हवी. काठ बंद ठेवून त्या गावांचे काही भले झाले असते तर गेल्या तीन दशकांत ते दिसले असते.

तीन राज्यांच्या सीमा एकाच पाण्यात मिळतात, त्यामुळे परवान्यांचे गुंतागुंतीचे प्रश्न येतील. त्यासाठी थांबायचे कारण नाही. महाराष्ट्राच्या काठावरून महाराष्ट्राच्याच काठावर जाणाऱ्या फेऱ्या आज सुरू होऊ शकतात. सुरुवात छोटी असावी. ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य आहे, कारण तेव्हा जलाशय बराच भरलेला असतो, घाट कोरडे असतात आणि यात्रांचा हंगामही हाच. नंदुरबार रेल्वेस्थानकावरून गाडीच्या वेळेला जुळवून शहादामार्गे तोरणमाळला सकाळ-संध्याकाळ फेरी. शहाद्याहून प्रकाशा आणि सारंगखेडा जोडणारी फेरी. धडगावहून भूषाच्या काठापर्यंत मिडी बस आणि तिथून वरच्या-खालच्या पाड्यांना जाऊन परतणारी लाँच, बस येईपर्यंत न सुटणारी. वेळापत्रक मराठीबरोबर भिलोरी आणि पावरीतही लावावे, आणि वाहकाला या भाषा येत असाव्यात. संक्रांत, महाशिवरात्र, अस्तंबा आणि दत्तजयंती या चार प्रसंगी आषाढीला पंढरपूरसाठी सोडतात तशा जादा गाड्या सोडाव्यात आणि त्या दिवसांत पिकअपमधून माणसे नेण्यावर खरोखरची बंदी घालावी. गाडी न देता घातलेली बंदी लोक मोडणारच. एसटीच्या धुळे विभागाच्या अधिकाऱ्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी आणि काठावरच्या ग्रामसभांनी एका टेबलाशी बसून हे ठरवायला नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळ लागत नाही. सहा महिन्यांच्या फेऱ्यांचे भारमान, चुकलेल्या फेऱ्या आणि लाँचमधून गेलेल्या रुग्णांची संख्या तहसील कचेरीच्या फलकावर लावावी, आणि पुढच्या वर्षी कोणत्या पाड्यापर्यंत फेरी न्यायची हे त्या आकड्यांवरून ग्रामसभेत ठरावे.